नाण्याच्या कडेवरील वचन

नाणें ही मनुष्याच्या हातांत पुष्कळ वेळां येणारी आणि फार थोड्या वेळां पाहिली जाणारी वस्तु होय. बाजारांत देतांघेतांना त्याची किंमत पाहिली जाते, संशय आला तर तें वाजवूनही पाहिलें जातें. परंतु त्यावर चित्र कोणाचें आहे, अक्षरें कोणतीं आहेत आणि तीं तेथें कां आलीं, याचा विचार करण्यास सवड कोणास असते? म्हणूनच कीं काय, राज्यकर्त्यांनीं एक निराळें नाणें पाडण्याची प्रथा ठेविली आहे. तें खर्चण्यासाठीं नव्हे, तर पाहण्यासाठीं, दाखविण्यासाठीं आणि जपून ठेवण्यासाठीं असतें. राज्याभिषेक, राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव, राजघराण्यांतील विवाह अशा प्रसंगीं तें टांकसाळींतून निघतें आणि घरोघरच्या पेट्यांतून व कपाटांतून जाऊन बसतें. त्यास स्मारक-नाणें म्हणतात.

अशा नाण्यांचा एक चांगला नमुना म्हणून ब्रिटनची राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या राज्याभिषेकाचें नाणें घेतां येईल. पिता सहावा जॉर्ज याच्या मृत्यूमुळें ता. ६ फेब्रुवारी १९५२ रोजीं ती गादीवर आली, आणि ता. २ जून १९५३ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या पुरातन प्रार्थनामंदिरांत तिला राज्याभिषेक झाला. त्या वर्षीं टांकसाळीनें पांच शिलिंगांचें 'क्राउन' काढलें. क्राउन म्हणजे मुकुट. या नाण्याचा व्यास सुमारें दीड इंच, आणि वजन २८ ग्रॅमांहून किंचित् अधिक, म्हणजे अडीच तोळ्यांस थोडेंसें कमी. हातावर घेतलें असतां तें नित्याच्या चिल्लरीपैकीं नव्हे, हें तेव्हांच कळतें.

नाण्याला दोन बाजू असतात, छापा आणि काटा, असें म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः तिसरीही एक बाजू असते. ती म्हणजे त्याची कड. या नाण्याचें मर्म त्या तिसऱ्या बाजूवर कोरलेलें आहे. परंतु तेथवर पोंचण्यापूर्वीं पहिल्या दोन बाजू नीट पाहणें अवश्य आहे.

राजाचा चेहरा आणि मान एवढाच भाग दर्शनी बाजूवर दाखवावा, ही ब्रिटिश नाण्यांची नेहमींची रीत. या नाण्यावर मात्र राणी घोड्यावर बसलेली आहे. चित्राची योजना गिल्बर्ट लेडवर्ड या शिल्पकाराची. राणीच्या अंगावर राज्याभिषेकाचीं भरजरी वस्त्रें नाहींत. ग्रेनेडियर गार्ड्स या पायदळ पलटणीच्या प्रमुखाचा लष्करी गणवेष आहे. दोन्ही पाय एका बाजूस घेऊन बसण्याची युरोपीय स्त्रियांची जुनी पद्धति होती, त्या पद्धतीनें ती 'विन्स्टन' नांवाच्या घोड्यावर बसली आहे. प्रसंग आहे 'ट्रूपिंग द कलर' या संचलनाचा.

हें संचलन म्हणजे काय, तें समजल्यावांचून चित्राचा अर्थ लागत नाहीं. 'कलर' म्हणजे पलटणीचें निशाण. बंदुकांच्या धुरांत आणि रणाच्या गर्दींत आपली पलटण कोठें उभी आहे हें शिपायास कळावें, म्हणून प्रत्येक पलटणीचें निशाण वेगळें असे. तें डोळ्यांच्या ओळखीचें व्हावें यासाठीं शिपायांच्या रांगांपुढून तें सावकाश फिरवून दाखवीत. युद्धाची तऱ्हा बदलली आणि निशाणाचें तें काम संपलें. परंतु विधि मात्र राहिला. इ. स. १७४८ पासून तो राजाच्या सरकारी जन्मदिनाशीं जोडला गेला, आणि लंडन येथील हॉर्स गार्ड्स मैदानावर जून महिन्यांत तो मोठ्या थाटानें होत असतो. इ. स. १९५१ सालीं सहावा जॉर्ज आजारी होता, तेव्हां राजकन्या एलिझाबेथ हिनें त्याच्या जागीं विन्स्टनवरच बसून सलामी घेतली होती. नाण्यावरील देखावा अशा रीतीनें प्रत्यक्षांतून घेतलेला आहे. पुष्कळशा राजकीय समारंभांचें मूळ तपासलें तर हाच क्रम आढळतो. आधीं गरज असते, गरजेचा रिवाज होतो, आणि गरज सरली तरी रिवाज शोभा म्हणून टिकतो.

तथापि राजाला घोड्यावर बसवून नाण्यावर आणण्याची कल्पना १९५३ मध्यें नवी नव्हती. ती चारशें वर्षांची जुनी होती, आणि तिची उत्पत्ति एका लाजिरवाण्या प्रकरणांतून झालेली होती.

सोळाव्या शतकांत आठवा हेन्री हा इंग्लंडचा राजा असतांना लढायांच्या खर्चामुळें खजिना आटला. तेव्हां त्यानें इ. स. १५४४ पासून चांदीच्या नाण्यांत तांब्याचें हीण उघडपणें वाढविण्यास आरंभ केला. पूर्वीं शंभर भागांत साडेब्याण्णव भाग चांदी असे. ती उतरतां उतरतां तिसऱ्या हिश्श्यावर आली. या हिणकस शिलिंगावर राजाचा चेहरा समोरून काढलेला होता. समोरून काढलेल्या चेहऱ्यांत नाक हा सर्वांत उंच भाग. नाणें हातोहात फिरूं लागलें म्हणजे पृष्ठभागावरील चांदीचा पातळ थर पहिल्यानें तेथें झिजे आणि आंतील तांबडा धातु डोकावूं लागे. लोकांनीं राजाला 'तांब्याच्या नाकाचा म्हातारा' असें नांव ठेविलें. आपल्याकडे अब्रू गेली म्हणजे नाक गेलें असें म्हणतात. त्या राजाचें नाक अक्षरशः भर बाजारांत गेलें. व्यापाऱ्यांनीं भाव चढविले, चोख चांदीचीं जुनीं नाणीं लोकांनीं दडवून ठेविलीं, आणि हलकें तेवढें व्यवहारांत राहिलें.

हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड नऊ वर्षांचा असतांना गादीवर आला. त्याच्या कारभाऱ्यांनीं पहिलीं कांहीं वर्षें तोच वाईट धंदा चालविला; परंतु अखेर इ. स. १५५१ मध्यें चोख चांदीचीं नाणीं पुनः पाडण्याचें ठरलें. त्या मालिकेंत पांच शिलिंगांचें चांदीचें क्राउन प्रथम निघालें. त्याचें वजन एक औंस, म्हणजे सुमारें ३१ ग्रॅम होतें. त्यावर तेरा-चौदा वर्षांचा राजा घोड्यावर बसलेला असून घोड्याच्या पायांखालीं १५५१ हा सन आहे. इंग्लंडच्या नाण्यावर सन नेहमींच्या आंकड्यांत घालण्याचा तो पहिला प्रसंग. लहान वयाच्या राजाला मोठ्या घोड्यावर बसविण्यांत कारभाऱ्यांचा हेतु उघड होता : राज्य सांवरलें आहे, लगाम हातांत आहे, असें प्रजेस सांगावयाचें होतें. परंतु नुसत्या चित्रानें प्रजेची खात्री पटली नसती. चित्राच्या खालीं चांदी चोख होती, म्हणून चित्राला अर्थ होता. हिणकस नाणीं परत घेण्याचें उरलेलें काम पुढें पहिल्या एलिझाबेथनें इ. स. १५६०-६१ मध्यें पुरें केलें.

याच्या उलट उदाहरण पहिल्या चार्ल्सचें. त्याच्या क्राउनवरही अश्वारूढ राजा आहे, आणि कांहीं नमुन्यांत कारागिरी फार सुंदर आहे. पार्लमेंटाशीं युद्ध जुंपल्यावर राजाचा मुक्काम ऑक्सफर्ड येथें असतांना इ. स. १६४४ मध्यें जें क्राउन पाडण्यांत आलें, त्यावर घोड्याच्या पायांखालून ऑक्सफर्ड शहराचे मनोरेही दिसतात. राज्य हातांतून जात होतें, पण नाण्यावरील राजा ताठ बसलेलाच होता. ता. ३० जानेवारी १६४९ रोजीं लंडन येथें चार्ल्सचा शिरच्छेद झाला. चार्ल्सनंतर ब्रिटनच्या क्राउनवर अश्वारूढ राजा आला नाहीं. तो मान तीनशें वर्षांनीं १९५३ च्या राणीस मिळाला. एका चित्राच्या मागें अशा दोन आठवणी आहेत : एक विश्वास परत मिळविल्याची, आणि दुसरी विश्वास गमावल्याची.

आतां नाणें उलटून पाहूं. मागील बाजूची योजना एडगर फुलर आणि सेसिल टॉमस या दोघांची. मधोमध मुकुट असून त्याच्या चार दिशांस चार ढाली क्रुसाच्या आकारांत मांडल्या आहेत. ढालींमधील चार कोपऱ्यांत चार वनस्पति आहेत : इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचें थिसल नांवाचें कांटेरी फूल, आयर्लंडचें तीन पानांचें शॅमरॉक, आणि वेल्सची लीक. ही लीक म्हणजे कांद्याच्या जातीची एक भाजी होय. राष्ट्राचें चिन्ह म्हणून भाजी मिरविणारे लोक थोडे. पण वेल्सच्या लोकांना तिचा गुलाबाइतकाच अभिमान आहे. येणेंप्रमाणें दीड इंचाच्या वर्तुळांत चार देशांना समान जागा दिलेली आहे. आयर्लंडचा मोठा भाग इ. स. १९२२ मध्येंच वेगळा झाला आणि १९४९ मध्यें प्रजासत्ताक झाला. तरी शॅमरॉक नाण्यावर राहिलें. फुलापानांचें हें असें असतें. त्यांना कायदा बांधीत नाहीं, सवय बांधते.

अक्षरांची गोष्ट मात्र निराळी. दर्शनी बाजूच्या कडेनें लॅटिन भाषेंत राणीच्या पदव्या आहेत. त्यांचा अर्थ असा : 'दुसरी एलिझाबेथ, ईश्वरकृपेनें सर्व ब्रिटिश प्रदेशांची राणी, धर्मरक्षक.' असल्या पदव्या कोण वाचतो, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु इ. स. १८४९ मध्यें दोन शिलिंगांचें नवें नाणें निघालें, त्यावर 'ईश्वरकृपेनें' हे शब्द नव्हते, तर केवढा गहजब झाला ! लोकांनीं त्या नाण्यास 'देवाविणें नाणें' ठरविलें, आणि थोड्याच वर्षांत सुधारलेलें नाणें काढावें लागलें. 'सर्व ब्रिटिश प्रदेशांची' हे शब्द तर १९५३ या एकाच वर्षापुरते या राणीच्या नाण्यांवर टिकले. राष्ट्रकुलांतील देशांनीं राणीच्या पदव्या आपापल्या सोयीनें ठरविण्याचें त्याच वर्षीं मान्य झालें, आणि १९५४ पासून ते शब्द नाण्यांवरून गेले.

हिंदी वाचकाच्या डोळ्यांत मात्र दुसरीच एक गोष्ट भरेल. पूर्वींच्या नाण्यांवर असलेले दोन आंखूड शब्द या नाण्यावर नाहींत. सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचें १९३७ चें क्राउन घेतलें, तर त्यावर 'इंड. इम्प.' अशीं अक्षरें आढळतात. म्हणजे 'हिंदुस्थानचा सम्राट'. ब्रिटनच्या नाण्यांवर तीं इ. स. १८९३ मध्यें आलीं. व्हिक्टोरिया राणीनें सम्राज्ञीपद धारण केल्याची द्वाही मात्र त्याआधीं, ता. १ जानेवारी १८७७ रोजीं, दिल्लीच्या दरबारांत फिरविण्यांत आली होती. त्या दरबारांत संस्थानिकांना व मानकऱ्यांना सोन्याचांदीचीं स्मारक-पदकें मिळालीं. त्याच वेळीं दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडलेला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीनें गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक 'सार्वजनिक काका' म्हणत, ते त्या झगमगाटांत हातानें विणलेल्या पांढऱ्या खादीच्या वेषांत उपस्थित झाले. सभेच्या मानपत्रांत सम्राज्ञीचें अभिनंदन तर होतेंच. पण हिंदी प्रजेस ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचें राजकीय व सामाजिक स्थान मिळावें, अशी मागणीही होती. पदवी घेणारानें पदवीबरोबर येणारें कर्तव्यही घ्यावें, एवढाच त्या मागणीचा आशय. ती मागणी पुरी झाली नाहीं. पुढें सत्तर वर्षांनीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला, १९४८ मध्यें राजानें 'हिंदुस्थानचा सम्राट' ही पदवी सोडली, आणि १९४९ च्या ब्रिटिश नाण्यांवरून ते दोन शब्द पुसले गेले. १९५० पासून हिंदी नाण्यांवर राजाच्या चेहऱ्याच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह आले.

आतां राहिली कड. नाण्याच्या कडेवर लिहिण्याची कल्पना शोभेसाठीं निघाली नाहीं. ती चोरांमुळें निघाली. नाणें हातोड्यानें ठोकून पाडीत असत त्या काळीं त्याचा आकार नीट गोल नसे. कात्रीनें कडेचा थोडा भाग कातरून घेतला तरी तें ओळखूं येत नसे. शंभर नाण्यांच्या कडा कातरल्या कीं चोराच्या हातीं बरीच चांदी येई, आणि प्रामाणिक मनुष्याच्या हातीं हलकें नाणें. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दींत इ. स. १६६२ पासून यंत्रानें पाडलेलें क्राउन निघूं लागलें, तेव्हां ब्लाँडो नांवाच्या फ्रेंच कारागिराच्या विद्येनें त्याच्या कडेवर अक्षरें उमटविण्यांत आलीं. कड कातरली कीं अक्षरें तुटत, आणि चोरी उघडकीस येई. कडेवर अक्षरें उमटविण्याची ती रीत टांकसाळीनें पुष्कळ काळ गुप्त ठेविली होती. तेथें जे लॅटिन शब्द घातले, त्यांचा अर्थ 'भूषण आणि संरक्षण' असा आहे. नाण्याच्या कडेविषयीं याहून नेमकें बोलणें कठीण. हेच शब्द पुढें कित्येक क्राउनवर आले. १९३५ मध्यें पांचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाचें क्राउन निघालें, त्याच्या कडेवरही ते आहेत.

१९५३ च्या नाण्यावर मात्र हे शब्द नाहींत. त्यांच्या जागीं साध्या इंग्रजींत एक वाक्य कोरलेलें आहे. त्याचा अर्थ, 'मी तुमच्याशीं निष्ठेनें आणि सत्यानें वागेन.' वाचणारास प्रथमदर्शनीं वाटतें कीं हें राणीनें प्रजेस दिलेलें वचन असावें. परंतु तसें नाहीं. राज्याभिषेकाच्या वेळीं सरदारांनीं राजापुढें गुडघे टेकून, आपले जोडलेले हात त्याच्या हातांत देऊन, जी निष्ठेची शपथ घ्यावयाची असते, तिच्यांतील हे शब्द आहेत. १९५३ मध्यें राणीचे पति ड्यूक ऑफ एडिंबरो यांनींही ही शपथ राणीपुढें गुडघे टेकून घेतली होती. म्हणजे कडेवरचें वचन प्रजेच्या बाजूचें आहे. राणीच्या बाजूचें नव्हे.

मग राणीच्या बाजूचें वचन कोठें आहे ? तें नाण्यावर नाहीं. पण समारंभांत आहे, आणि त्याचें स्थान पहिलें आहे. राज्याभिषेकाचा क्रम असा असतो : प्रथम राजाला लोकांपुढें उभें करून त्यांची मान्यता घेतली जाते. नंतर राजा शपथ घेतो. त्यानंतर तैलाभिषेक, राजचिन्हांचें अर्पण, मस्तकावर मुकुट आणि सिंहासनावर आरोहण, असे विधि होतात. सरदारांची निष्ठेची शपथ या सर्वांच्या मागून येते. १९५३ मध्यें राणीनें जी शपथ घेतली तींत ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान आणि सिलोन या देशांचीं नांवें होतीं. त्या त्या देशाच्या लोकांवर त्यांच्याच कायद्यांप्रमाणें व रिवाजांप्रमाणें राज्य करीन, आणि न्यायाला दयेची जोड देईन, असें तिनें सांगितलें. ही शपथ झाल्यावांचून तेल नाहीं, मुकुट नाहीं आणि निष्ठाही नाहीं. विधि रचणारांनीं क्रम विचारपूर्वक ठेविला आहे. राजानें आधीं बांधून घ्यावें, मग प्रजेनें बांधून घ्यावें.

या दृष्टीनें पाहिलें तर स्मारक-नाणें म्हणजे करारपत्राची एकच प्रत होय. घोडा, गणवेष, मुकुट, ढाली, फुलें हें सर्व त्यावर आहे. प्रजेचें वचनही आहे. ज्या वचनाच्या मोबदल्यांत हें सर्व मिळालें, तें मात्र पाहणारानें स्वतः आठवावयाचें आहे. तें आठवलें तर थाटाला अर्थ आहे. विसरलें तर हाच थाट पहिल्या चार्ल्सच्या घोड्यासारखा होतो : दिसावयास उमदा, पण स्वाराला न वांचविणारा.

येथें एक व्यवहाराचा प्रश्न सहज उभा राहतो. असें नाणें घरीं असेल, किंवा कोणी विकावयास आणलें, तर त्याची किंमत काय समजावी ? ज्यांच्या घरांत अजून एखादा राणीछाप रुपया जपून ठेवलेला असेल, त्यांच्या मनांत जुनें नाणें म्हणजे चांदी हें समीकरण पक्कें असतें. तें समीकरण रुपयापुरतें बरोबरही होतें. त्या रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यांत बारा भागांत अकरा भाग चांदी. परंतु १९४० मध्यें रुपयांतील चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा झाला. क्राउनचीही तीच वाट झाली. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली, म्हणून १९२० मध्यें तिचें प्रमाण शेंकडा साडेब्याण्णववरून पन्नासावर आणलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करावयाची होती, म्हणून १९४७ पासून ती अजिबात बंद झाली. १९५३ च्या नेहमींच्या क्राउनमध्यें तीन भाग तांबें आणि एक भाग निकेल आहे. आठव्या हेन्रीच्या हिणकस शिलिंगांत चांदीचा तिसरा हिस्सा तरी होता. या सुंदर नाण्यांत गुंजभरही नाहीं.

दुर्मिळपणाचें म्हणावें तर तोही नाहीं. १९३५ चीं साधीं क्राउन सात लाखांवर, १९३७ चीं चार लाखांवर निघालीं होतीं. १९५३ चीं ५९ लक्ष ६२ हजार ६२१ निघालीं. १९६५ मध्यें चर्चिल यांच्या स्मरणार्थ काढलेल्या क्राउनची संख्या एक कोटि ९६ लाखांच्या घरांत गेली, आणि १९७७ च्या राज्यारोहण-रौप्यमहोत्सवाच्या नाण्यांची साडेतीन कोटींच्या पलीकडे. लोकांना तीं हवीं असतात, आणि सरकारलाही तीं परवडतात. कारण नाण्याची दर्शनी किंमत आणि त्यांतील धातूची किंमत यांत जें अंतर असतें तें खजिन्यांत जमा होतें, आणि घरांत जपून ठेवलेलें नाणें आपली किंमत मागावयास परत येत नाहीं. इ. स. १९७१ मध्यें ब्रिटननें शिलिंग मोडीत काढून दशमान चलन घेतलें, तेव्हां पांच शिलिंगांचें क्राउन पंचवीस पेन्सांचें ठरलें. १९९० पासून निघणाऱ्या नव्या क्राउनची दर्शनी किंमत पांच पौंड करण्यांत आली. परंतु जुनें तें पंचवीस पेन्सांचेंच राहिलें. तेव्हां ज्यास धनसंचय करावयाचा आहे, त्यानें या नाण्याच्या नादीं लागूं नये, हेंच बरें.

मग चांदी चोख असली तरच चित्राला अर्थ, असें जें एडवर्डच्या नाण्यावरून दिसलें, तें खोटें ठरलें काय ? तसें नाहीं. चोखपणाची जागा तेवढी बदलली. पूर्वीं राजाचें वचन धातूंत असे. सोनाराकडे नेऊन कसाला लावलें कीं तें खरें कीं खोटें हें कळे. आतां नाण्यांत कस लावण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. कायदा पाळला जातो कीं नाहीं, न्यायांत दया आहे कीं नाहीं, कर घेणारें सरकार हिशेब देतें कीं नाहीं, येथें आतां कसोटीचा दगड लावावा लागतो. ही कसोटी सोनाराला करतां येत नाहीं. ती प्रत्येक नागरिकाला करावी लागते. हें राजाच्या देशालाच लागू आहे असें नव्हे. भारत सरकारनेंही १९६४ पासून, पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यापासून, स्मारक-नाण्यांची प्रथा सुरू केली. नाण्यावर राजा असो, लोकनेता असो कीं सिंह असोत, ज्या वचनाची तीं खूण आहेत तें वचन चोख राहिलें पाहिजे.

राणी एलिझाबेथनें सत्तर वर्षें राज्य केलें. १९७७, २००२ आणि २०२२ या महोत्सवांच्या वर्षीं निघालेल्या क्राउनवर ती पुनः घोड्यावर दिसली. ता. ८ सप्टेंबर २०२२ रोजीं तिचें निधन झालें, आणि ता. ६ मे २०२३ रोजीं तिचा पुत्र तिसरा चार्ल्स याला त्याच वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्यें राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगाचें पांच पौंडांचें नाणेंही निघालें. परंतु समारंभांत एक बदल झाला, तो ध्यानांत घेण्यासारखा आहे. सरदारांनीं एकामागून एक येऊन गुडघे टेकण्याचा विधि गाळण्यांत आला. राजपुत्र विल्यम यानें पित्यापुढें निष्ठेची शपथ घेतली, आणि इतर लोकांना ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडण्यांत आलें. राजाची शपथ मात्र गाळली गेली नाहीं. ती पूर्वींप्रमाणेंच मुकुटाच्या आधीं झाली.

म्हणजे १९५३ च्या नाण्याच्या कडेवर कोरलेलें वचन बहुतांशीं आटोपलें, आणि कडेवर कधींच न कोरलेलें वचन शिल्लक राहिलें. त्या दोन वचनांपैकीं अधिक आवश्यक कोणतें, याचा निकाल काळानें असा दिला आहे. ज्या कोणाच्या हातीं तें नाणें येईल, त्यानें घोडा पाहावा, ढाली पाहाव्या, फुलें मोजावीं. आणि शेवटीं नाणें उभें धरून कडेवरचीं अक्षरें वाचावीं. वाचून झाल्यावर त्यांच्या जोडीचें दुसरें वाक्य कोठें आहे, हा प्रश्न मनांत आला, तर पांच शिलिंग कारणीं लागले असें समजावें.